तिसऱ्या खांबावरचा अंगठा

ऑल्डरिंगच्या चर्चच्या मनोऱ्यावर जे घड्याळ आहे त्याला एकच काटा आहे, तासाचा. मिनिटांचा काटाही लावावा असं तीनशे वर्षांत कुणाला सुचलं नाही. ज्याला मिनिटांची घाई असेल त्यानं खुशाल लंडनला जाऊन राहावं, असं इथलं मत आहे. तेव्हा गुरुवारी सकाळी तो एकुलता एक काटा आठाच्या जरासा अलीकडे आला की बाजार उघडायची वेळ झाली असं धरतात. आणि बाजार उघडायचा तर आधी अंगठा.

चौकाच्या मधोमध बटर क्रॉस आहे. आठ दगडी खांब, वर कौलारू छप्पर, खाली चार पायऱ्या. पूर्वी खेड्यांतल्या बायका लोणी-अंडी घेऊन इथं बसायच्या म्हणून ते नाव. त्यातल्या तिसऱ्या खांबाला कमरेच्या उंचीवर एक खळगा आहे, बरोब्बर अंगठा मावेल एवढा. चीजवाला क्लेम गॉस्लिंग सगळ्यात आधी येतो. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण पायऱ्या चढून खळग्यात अंगठा टेकवतो आणि म्हणतो, "माप पुरं, माल खरा." मग अंडीवाली, फुलवाला, मासेवाला, एकामागून एक. कुणी पुटपुटतं, कुणी ठणठणीत आवाजात म्हणतं, पण म्हटल्याशिवाय दुकानाची ताडपत्री वर जात नाही. हे बघायला लोक दोन-दोन काउंट्या ओलांडून येतात. मनोऱ्याच्या एकशे बत्तीस पायऱ्या, साडेतीन भिंतींचा किल्ला, अजून पीठ दळणारी पाणचक्की, सगळं आहे. पण आधी विचारतात ते अंगठ्याचा खांब कुठे आहे म्हणून.

आणि हा खांब लोकांना दाखवायचा तो हेस्टर पिल्बीमनं. बहात्तर वर्षांची, काटकुळी, ताठ. उजव्या हातात काळी छत्री, डाव्या हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा, पाऊस असो वा नसो. दर गुरुवारी अकराला ती बटर क्रॉसच्या वरच्या पायरीवर उभी राहते आणि गाव दाखवायला सुरुवात करते. तीस वर्षं झाली, एक पैसा घेतलेला नाही. पुलाखालच्या हंसांच्या जोडीला यंदा पिल्लं किती झाली इथपासून किल्ल्याचा दरवाजा कुठल्या सालात पडला इथपर्यंत तिला सगळं तोंडपाठ. तिच्याबरोबर दीड तास फिरलेला माणूस परत जाताना बसच्या मागच्या काचेतून गाव बघत राहतो. तिचा जीवच आहे या गावावर, त्याला काय करणार!

तर त्या गुरुवारी तिच्या घोळक्यात एक नवी बाई होती. करड्या कोटातली, हातमोजे घातलेली. ती एकही प्रश्न न विचारता सगळं लिहून घेत होती. फेरी संपल्यावर मेयर नोरा थ्रॉसेल धावतपळत आल्या, गळ्यातली मेयरची साखळी सावरत. एरवी त्यांचं चौकात लोकरीचं दुकान आहे.

"हेस्टर, या डॉक्टर क्रॅडॉक. काउंटीच्या वारसा समितीच्या. अगं, आपल्या खांबाला पाटी मिळतेय! ओतीव लोखंडाची!"

डॉक्टर क्रॅडॉकनी वही उघडून मजकूर वाचून दाखवला. "मध्ययुगापासून लोणी विकणाऱ्या स्त्रिया या खळग्यात अंगठा टेकवून खऱ्या मापाची शपथ घेत असत. ही परंपरा आजही पाळली जाते." मग त्यांनी वही मिटली. "पाटी तयार आहे, पुढच्या गुरुवारी घेऊन येते. फक्त एक नियमाचा भाग राहिलाय. आधार लागतो. गावच्या माहितीपत्रकात ही गोष्ट आहे, पण ते पत्रक तुमच्याच सांगण्यावरून छापलंय असं मेयर म्हणाल्या. मग तुम्ही कुठे ऐकलीत, मिसेस पिल्बीम?"

हेस्टर हातातला पत्रकांचा गठ्ठा सारखा करायला लागली. "ते... म्हणजे... ऐकीव आहे."

"ऐकीव चालेल. कुणाकडून, तेवढं या कागदावर लिहून सही करा. पुढच्या गुरुवारी द्या."

"आजीकडून ऐकलंस म्हण ना," मेयरबाई घाईघाईनं म्हणाल्या. "सगळ्यांना आजी असतेच."

"आणि पाटीवरचा पडदा तुम्हीच ओढायचाय," डॉक्टर क्रॅडॉक हसून म्हणाल्या. "तीस वर्षांचं काम आहे तुमचं. मी अशी फेरी आजवर पाहिली नाही, खरं सांगते."

झालं! असं कौतुक एरवी ऐकलं असतं तर हेस्टर आठवडाभर तरंगत राहिली असती. आता मात्र तिला वाटलं, पायरी दुभंगावी आणि आपण आत जावं. कारण ती गोष्ट तिच्या आजीनं सांगितलेली नव्हती. कुणाच्याच आजीनं सांगितलेली नव्हती. ती हेस्टरनं स्वतः रचलेली होती.

तो दिवस तिला असा आठवतो की जणू कालचाच. एकोणीसशे चौऱ्याण्णव, ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार. ती तेव्हा वाचनालयात कामाला होती, गुरुवारची सुट्टी नुकतीच मिळालेली, त्याआधी बाजाराच्या दिवशी ती कायम पुस्तकांत बुडालेली, आणि फेरी सुरू करून तीनच आठवडे झाले होते. बसमधून एकतीस म्हातारी माणसं उतरली आणि वरून पाऊस कोसळायला लागला. मनोऱ्याचा दरवाजा फुगून अडकलेला. किल्ल्यात गुडघाभर चिखल. पाणचक्की डागडुजीसाठी बंद. एका खोलीचं संग्रहालय, त्याची किल्ली ज्याच्याकडे तो दाताच्या डॉक्टरकडे. परतीच्या बसला चाळीस मिनिटं होती, आणि एकतीस ओली माणसं बटर क्रॉसच्या छपराखाली उभं राहून तिच्या तोंडाकडे बघत होती. खांब दाखवून झाले, छप्पर दाखवून झालं, कौलं मोजून झाली. मागून एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "यापेक्षा घरी बसलो असतो तर बरं झालं असतं."

त्या वाक्यानं तिचं काळीज चिरलं. तिच्या गावाला असं म्हणायचं? समोर तिसऱ्या खांबावर तो खळगा दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "आणि हा बघा, शपथेचा खळगा." पुढचं आपोआप येत गेलं. लोणीवाल्या बायका, अंगठा, माप पुरं, माल खरा. म्हातारी माणसं पुढे सरकली. एकेकानं अंगठा लावून पाहिला. तेच आजोबा दोनदा लावून गेले. बसमध्ये चढताना त्यांनी तिचा हात हातात घेतला.

एकदाच, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पण पुढच्या गुरुवारी दुसरी बस आली आणि उतरताच लोकांनी विचारलं, "तो शपथेचा खळगा कुठाय?" मग पत्रक छापलं गेलं. हळूहळू तर खुद्द बाजारातली माणसंच अंगठा टेकवायला लागली! तीस वर्षं ती रात्री उशीवर डोकं टेकवताना ठरवत आली की उद्या सांगून टाकायचं. वाचनालयात एखादं पुस्तक चुकीच्या फळीवर दिसलं तर जिचा जीव कासावीस व्हायचा, ती बाई हे पोटात घेऊन जगत होती.

आता कागदावर एक ओळ लिहायची होती. 'आजीकडून ऐकले.' तीन शब्द नाहीत, दोनच. लिहिले की पाटी लागणार, गावाचं नाव होणार, आणि खोटं लोखंडात ओतलं जाणार, तिच्या सहीनिशी. नाही लिहिलं तर पाटी गेली, आणि तीस वर्षं ज्यांनी विश्वासानं अंगठा टेकवला त्यांना सांगावं लागणार की बाबांनो, मी तुम्हाला फसवलं. त्यांचं तोंड कसं बघायचं मग?

शनिवारी तिनं ठरवलं, आधी क्लेमला सांगायचं. सगळ्यात आधी अंगठा टेकवणारा तोच, तेव्हा सगळ्यात जास्त फसवणूक त्याचीच. शनिवारी क्लेम आपल्या दुकानात असतो. ती गेली.

"बोल पोरी, काय देऊ?" क्लेम म्हणाला. गावातल्या ऐंशीच्या आतल्या सगळ्या बायका त्याच्यासाठी पोरीच.

"क्लेम, मला तुला एक सांगायचंय."

"सांग की."

तिनं तोंड उघडलं आणि मागे पाहिलं. मागे चार माणसं रांगेत उभी होती. अतिशय शांतपणे, छताकडे बघत, आम्हाला काहीही ऐकू येत नाही अशा चेहऱ्यानं. आता रांगेचा खोळंबा करून कुणी आपलं पाप सांगतं का? निदान ऑल्डरिंगमध्ये तरी नाही. "पाव किलो चेडर," हेस्टर म्हणाली.

ती बाहेर जाऊन उभी राहिली, रांग संपली तशी परत आत गेली. "क्लेम, ते मघाचं..." दरवाज्याची घंटा वाजली आणि पाद्रीसाहेब आत येऊन तिच्या मागे अदबीनं उभे राहिले. "अजून पाव किलो," ती म्हणाली. तिसऱ्या खेपेला अंडीवाली आली. दुपारपर्यंत हेस्टरच्या पिशवीत दीड किलो चीज जमलं आणि पोटातली गोष्ट पोटातच.

"पाहुणे येतायत वाटतं?" शेवटी क्लेमनं विचारलं.

"हो," हेस्टर म्हणाली, आणि हे दुसरं खोटं बोलल्याबद्दल घरी येऊन स्वतःवरच चिडली.

गुरुवार उजाडला. आभाळ भरलेलं, पाऊस बारीक. बटर क्रॉसच्या मागच्या दगडी कठड्यावर पाटीसाठी दोन भोकं पाडून ठेवलेली होती, कारण मेयरबाईंना दम कुठला निघतोय! त्यावर निळा मखमली पडदा, त्याला सोनेरी दोरी. टेबलावर काकडीची सँडविचेस, स्कोन नावाचे छोटे गोड पाव, जाम आणि चहाची मोठी किटली. अकराच्या सुमाराला सगळा बाजार जमला. पाटी अजून डॉक्टर क्रॅडॉकच्या गाडीतच होती, कागद हातात पडला की लावायची.

"आणलात कागद?" त्यांनी विचारलं.

हेस्टरनं कागद दिला. आधाराची ओळ कोरी होती.

"बाई, इथं काहीच लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलं," हेस्टर म्हणाली. ती तिच्या नेहमीच्या पायरीवर चढली, छत्री घट्ट धरली, आणि ज्या आवाजात तीस वर्षं किल्ल्याचं साल सांगितलं त्याच आवाजात बोलायला लागली. "ही गोष्ट मला आजीनं सांगितलेली नाही. मी ती बनवली. चौऱ्याण्णव साली, ऑक्टोबरच्या तेरा तारखेला, सव्वाबाराच्या सुमाराला. पाऊस होता, सगळं बंद होतं, आणि एक आजोबा म्हणाले की यापेक्षा घरी बसलो असतो तर बरं. मला ते सहन झालं नाही. लोणीवाल्या बायकांनी असली शपथ कधीच घेतली नाही. तुम्हा सगळ्यांना मी तीस वर्षं फसवलं. मला फार लाज वाटते. माफ करा."

किटलीचं झाकण तेवढं थडथडत होतं. फुलवाला बुटांकडे बघायला लागला. मेयरबाईंनी साखळी चाचपली. इंग्रज माणूस संकोचला की घसा साफ करतो, तसे आठ-दहा घसे एकदम साफ झाले.

मग क्लेम म्हणाला, "माहितीये, पोरी."

"काय माहितीये?"

"हेच. तो खळगा आमच्या दांड्याचा आहे. माझा बाप ताडपत्रीचा दांडा त्या खांबाला टेकवायचा, लोखंडी टोकाचा. नंतर मी. दर गुरुवारी दगडात टोक फिरायचं. पन्नासेक वर्षांत खळगा पडला. नव्वद साली कौन्सिलनं ओरडून बंद करायला लावलं."

हेस्टर थक्कच झाली. "म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"अगं, तू सांगत होतीस तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो. भिजत."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत होतीस ना! मधे कसं तोडायचं?" क्लेमला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आणि नंतर सांगायला गेलो असतो तर तुला वाटलं असतं की त्याच वेळी का नाही बोलला. अवघडच झालं असतं. मग राहिलं ते राहिलंच."

"मलाही माहीत होतं," अंडीवाली म्हणाली. "तो दांडा माझ्या पायावर पडलाय एकदा."

"मी लहानपणी त्याला लोंबकळायचे," मेयरबाई हळूच म्हणाल्या.

"नोरा! आणि तू मला आजीचं नाव सांगायला सांगत होतीस?"

"तुला अडचणीतून सोडवत होते गं. आणि पत्रक आम्हीच छापलं होतं. छापून झाल्यावर कोणत्या तोंडानं बोलणार?"

थोडक्यात काय, एक बाई तीस वर्षं सगळ्या गावापासून एक गोष्ट लपवत होती आणि सगळं गाव तिच्यापासून लपवत होतं की ती आम्हाला ठाऊक आहे. कुणी दुष्टपणानं नाही हो. बरं दिसत नाही म्हणून. हेस्टरला हसावं की रडावं कळेना, आणि डोळे तर केव्हाचे वाहायला लागले होते.

"पण मग अंगठे कशाला टेकवत होता रे तुम्ही?" तिनं विचारलं. "माझी कीव म्हणून?"

क्लेमनं टोपी काढली, पुन्हा घातली. त्याला भावनेचं बोलायचं म्हणजे दात काढल्यासारखं वाटतं. "पहिल्यांदा गंमत म्हणून टेकवला. तुझी दुसरी बस आली, म्हटलं बघू देत बिचाऱ्यांना काहीतरी. पण त्या दिवशी माझ्याकडे एक चेडर होतं, आतून जरा उतरलेलं. वरचा भाग विकून टाकणार होतो. माप पुरं, माल खरा म्हणून आलो आणि सुरी हातात घेतली, तर हात चालेना. टाकून दिलं ते. तेव्हापासून खोटं एकदाही विकलं नाही." त्यानं टोपी पुन्हा काढली. "माझा बापही अंगठा टेकवायचा, पोरी. पण तराजूच्या पारड्यावर. सगळ्या गावाला माहीत होतं. मीही तेच शिकलो होतो. तुझ्यामुळे सुटलं."

कुणी हसलं नाही. मासेवाल्यानं नुसती मान हलवली, आणि त्याच्या मान हलवण्यातून कळलं की त्याचीही अशीच काहीतरी गोष्ट आहे.

डॉक्टर क्रॅडॉकनी पेनाला टोपण लावलं. "ही पाटी मला लावता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि नव्या परंपरेला देता येत नाही. शंभर वर्षं पुरी व्हावी लागतात."

"म्हणजे अजून सत्तर," मेयरबाईंनी हिशेब केला. "चालेल. मनोरा बांधायलाच नव्वद लागली होती. सत्तर वर्षांनी अर्ज करू."

"तारीख आणि वेळ मात्र लिहून ठेवते," डॉक्टर क्रॅडॉक म्हणाल्या. "माझ्या सगळ्या नोकरीत कुणी मला परंपरेची जन्मवेळ सांगितलेली नाही. सगळे आपले 'फार पूर्वीपासून' म्हणतात."

आता पाटी नाही म्हणजे समारंभ नाही, असं कुणालाही वाटेल. पण सँडविचेस झाली होती, चहा झाला होता, पडदा लागला होता, लोक जमले होते. एवढं सगळं झाल्यावर समारंभ रद्द करणं ऑल्डरिंगला जमण्यासारखं नव्हतं. हेस्टरनं सोनेरी दोरी ओढली, निळा पडदा सरकला, मागे कोरा कठडा आणि दोन भोकं दिसली. सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर क्लेम तिच्या जवळ आला. "एक विचारू? तू कधीच टेकवला नाहीस ना?"

तीस वर्षं एका हातात छत्री, एका हातात पत्रकं. लख्ख उन्हातसुद्धा. तिला वाटत होतं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

"मापच खोटं होतं माझं," ती म्हणाली. "कसा टेकवणार?"

"आण ती छत्री इकडे."

तिनं छत्री त्याच्याकडे दिली. पत्रकं पायरीवर ठेवली. तिसऱ्या खांबापाशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खळग्यात अंगठा घातला. लोखंडी टोकानं पडलेला खळगा, खरखरीत असणार असं तिनं धरलं होतं. तो गुळगुळीत होता, बशीच्या आतल्या बाजूसारखा.

"क्लेम, हा इतका मऊ कशानं झाला?"

"कशानं म्हणजे? आमच्याच अंगठ्यांनी. तीस वर्षं झाली की, पोरी."

मग तिनं घसा साफ केला, अंगठा नीट दाबला आणि म्हणाली, "माप पुरं, माल खरा." ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मागे वळून पाहिलं तर रांग लागलेली होती, पार चहाच्या टेबलापर्यंत. सगळे शांत, छपराकडे बघत. रांगेत सगळ्यात पुढे डॉक्टर क्रॅडॉक होत्या, उजवा हातमोजा काढून.

"सॉरी हं, मी अडवून ठेवलं," हेस्टर लगबगीनं म्हणाली.

"घाई नाही," डॉक्टर क्रॅडॉक म्हणाल्या. "तुमचं होऊ द्या."